कापसाचा तंतू आणि पेशी-सिद्धान्त : इंदूरमधील संशोधनाचा मागोवा

प्रास्ताविक

पेशी हे सजीवांच्या रचनेचे आणि कार्याचे मूलभूत एकक आहे, हे विधान माध्यमिक शाळेपासून पदवी वर्गापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असते. या सिद्धान्ताचा इतिहास शिकविताना लंडन, डेल्फ्ट, बर्लिन या शहरांची नावे येतात आणि हूक, लेवेनहूक, श्लायडेन, श्वान, फिर्खो ही नामावली पाठ करून घेतली जाते. त्यामुळे माळव्यातील विद्यार्थ्याचा असा समज होतो की, हा सिद्धान्त दूरदेशी केव्हाच पूर्ण झाला असून आपल्या परिसराशी त्याचा काही संबंध नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे. इंदूर ही कापसाची आणि कापड गिरण्यांची नगरी होती. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. इ.स. १९२४ मध्ये येथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री या संस्थेत जे संशोधन झाले, त्यात वनस्पतीची पेशी आणि संपूर्ण वनस्पती यांच्या नात्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी जोडला गेला होता. पेशी-सिद्धान्ताची वाटचाल आणि इंदूरचे कापूस संशोधन यांचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञेचा प्रश्न

इंदूरसारख्या बहुभाषिक शहरात विषयाला हात घालण्यापूर्वी संज्ञांचा विचार करणे आवश्यक ठरते. मराठीत ज्याला ‘पेशी’ म्हणतात त्याला हिंदीत ‘कोशिका’ आणि उर्दूत ‘खलिया’ हा शब्द आहे. हिंदीत ‘पेशी’ हा शब्द ‘मांसपेशी’ या जोडशब्दातून परिचित असून त्याचा अर्थ मराठीत ज्याला स्नायू म्हणतात तो होतो. घरी मराठी बोलणारा व महाविद्यालयात हिंदी पुस्तक वाचणारा विद्यार्थी या ठिकाणी हमखास गोंधळतो. अध्यापकाने पहिल्याच तासाला तिन्ही शब्द फळ्यावर मांडले तर हा गोंधळ टळतो.

या शब्दांच्या मुळाशी असलेल्या कल्पनाही उद्बोधक आहेत. रॉबर्ट हूक याने वापरलेला ‘सेल’ हा शब्द लॅटिन भाषेतील लहान खोली या अर्थाच्या शब्दावरून आला. अरबी ‘खलिया’चा संबंध मधमाश्यांच्या पोळ्याशी आहे, आणि हूकनेही बुचाच्या रचनेची तुलना पोळ्याशीच केली होती. ‘कोशिका’ म्हणजे लहान कोश, म्हणजेच आवरण. या तिन्ही कल्पनांत भिंत आणि तिच्या आतील पोकळी यांवर भर आहे. आतील सजीव द्रव्याचा त्यांत निर्देश नाही. याचे कारण पेशीच्या शोधाच्या इतिहासात सापडते.

सिद्धान्ताची जडणघडण

इ.स. १६६५ मध्ये हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने त्यातील कप्पे मोजले. एका इंचाच्या लांबीत १०८० कप्पे, असा हिशेब करून एका घन इंचात सव्वाशे कोटींहून अधिक कप्पे असतील, असे त्याने दाखविले. बूच हा मृत पेशींचा बनलेला असतो. हूकने जे पाहिले त्या रिकाम्या पेशीभित्तिका होत्या. जीवनाच्या मूलभूत एककाची पहिली ओळख अशा रीतीने त्याच्या मृत अवशेषावरून झाली.

त्यानंतर हॉलंडमधील डेल्फ्ट येथील अँटनी व्हॅन लेवेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म सजीव पाहिले. तो व्यवसायाने कापड व्यापारी होता. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविलेल्या नमुन्यांत इ.स. १६८६ मधील सरकीचे काप होते. एका सरकीचे २४ काप केलेली ती पुडी सोसायटीच्या दप्तरात जवळपास तीन शतके पडून राहिली आणि इ.स. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड या अभ्यासकाने ती उजेडात आणली. सूक्ष्मदर्शकाचा आणि कापसाचा संबंध एवढा जुना आहे.

या निरीक्षणांचे सिद्धान्तात रूपांतर होण्यास मात्र दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. इ.स. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन याने वनस्पतीच्या पेशीतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. इ.स. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि इ.स. १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, त्यांचे शरीर पेशींचे व पेशींपासून निर्माण झालेल्या द्रव्याचे बनलेले असते. या दोघांची एक कल्पना मात्र चुकीची ठरली. स्फटिक जसा द्रवातून साकारतो तशी नवी पेशी द्रव्यातून आपोआप साकारते, असे त्यांना वाटत होते. रॉबर्ट रेमाक याने कोंबडीच्या गर्भाचा व अन्य प्राण्यांचा अभ्यास करून पेशी विभाजनानेच निर्माण होतात, असे दाखविले. रूडोल्फ फिर्खो याने इ.स. १८५५ मध्ये व पुढे इ.स. १८५८ च्या ग्रंथात प्रत्येक पेशी पेशीपासूनच उत्पन्न होते, हे तत्त्व ठामपणे मांडले आणि ते त्याच्या नावाने रूढ झाले. रेमाक ज्यू असल्यामुळे प्रशियातील विद्यापीठात त्याला पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नाही आणि पाठ्यपुस्तकांतही त्याचे नाव दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. विज्ञानाचा इतिहास शिकविताना ही बाब विद्यार्थ्यांपासून दडवू नये.

सिद्धान्त स्थिर झाल्यावर त्यावर एक महत्त्वाचा आक्षेपही आला. इ.स. १८७९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन डी बारी याने असे सुचविले की, पेशी एकत्र येऊन वनस्पती घडते असे म्हणण्यापेक्षा वनस्पती वाढताना स्वतःला पेशींमध्ये विभागते असे म्हणणे अधिक योग्य होईल. म्हणजे मूळ एकक कोणते मानावे, सुटी पेशी की सबंध सजीव? हा वाद तात्त्विक वाटतो. परंतु कापसाच्या शेतात त्याला व्यावहारिक रूप येते.

एका पेशीचा तंतू

कापसाचे फूल ज्या दिवशी उमलते त्याच सुमारास बोंडातील बीजांडाच्या बाह्यत्वचेतील काही पेशी फुगून वर येऊ लागतात. बाह्यत्वचेच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढ्या पेशींपासून लांब तंतू, म्हणजे रुई तयार होते. एका सरकीवर असे दहा हजारांहून अधिक तंतू असू शकतात. त्यांतील प्रत्येक तंतू एकाच पेशीचा असतो. ही पेशी पुढे विभाजित होत नाही, फक्त लांबत जाते. तिच्या मधोमध असलेल्या मोठ्या रिक्तिकेत पाणी शिरते, आतून दाब निर्माण होतो आणि पातळ भित्तिका ताणली जाते. अमेरिकन जातीच्या कापसात हे लांबणे सुमारे तीन आठवडे चालते. अखेरीस पेशीची लांबी तिच्या जाडीच्या हजारपटीहून अधिक होते. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची, नुसत्या डोळ्यांना दिसणारी एवढी मोठी वनस्पती पेशी वर्गात सहज दाखविता येण्यासारखी दुसरी क्वचितच असेल.

लांबण्याचा वेग मंदावू लागला की, दुसरी अवस्था सुरू होते. पेशी आतील बाजूने सेल्युलोजचे थर चढवू लागते. हे काम आणखी तीन-चार आठवडे चालते. बोंड फुटल्यावर पेशी वाळते, जीवद्रव्य नष्ट होते, मधली पोकळी चपटी होते आणि गोल नळीची पीळ पडलेली फीत बनते. वाळलेल्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. या नैसर्गिक पिळामुळेच तंतू एकमेकांत गुंततात आणि सूत कातता येते.

या दोन अवस्थांवरून व्यवहारातील दोन गुण ठरतात. पहिल्या अवस्थेत लांबी ठरते आणि दुसऱ्या अवस्थेत परिपक्वता. पावसाने ओढ दिली, मुळाशी पाणी साचले, किडीने पाने खाल्ली किंवा बोंड अकाली फुटले तर भित्तिकेचे थर अपुरे राहतात. अशी पातळ भिंतीची पेशी पिंजताना तुटते आणि तिच्या गाठी होतात. तिला रंगही नीट चढत नाही. रंगविलेल्या कापडावर पांढुरके ठिपके दिसतात. नीट न उमललेल्या बोंडातील हलक्या कापसाला मराठी शेतकरी ‘कवडी’ म्हणतो. पिंजारी, मन्सुरी आणि मोमीन या कापूस पिंजणाऱ्या व विणणाऱ्या समाजांना कच्च्या रुईची पारख हाताच्या स्पर्शाने होत असे. ती पारख मुळात पेशीभित्तिकेच्या जाडीची होती. सूक्ष्मदर्शकाने त्या अनुभवाला मोजमाप दिले.

माटुंग्याची प्रयोगशाळा

हे मोजमाप मुंबईत झाले. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी ही समिती इ.स. १९२१ मध्ये स्थापन झाली आणि इ.स. १९२३ च्या कायद्याने कापसावर बसविलेल्या उपकरातून तिला निधी मिळू लागला. या निधीतून इ.स. १९२४ मध्ये माटुंगा येथे तंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे पहिले संचालक ए. जे. टर्नर आणि त्यांचे सहकारी ए. एन. गुलाटी यांनी इ.स. १९२८ मध्ये मोहेंजोदडो येथील चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या कापडाच्या अवशेषाची तपासणी प्रसिद्ध केली. तंतूंवरील विशिष्ट पीळ पाहून ते कापसाचेच असल्याचे त्यांनी ठरविले. चार हजार वर्षांहून अधिक जुनी वनस्पती पेशी केवळ भित्तिकेवरून ओळखता आली, ही घटना पुरातत्त्वाइतकीच पेशीविज्ञानाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

टर्नर यांच्यानंतर डॉ. नझीर अहमद हे या प्रयोगशाळेचे संचालक झाले. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजमध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले होते आणि लाहोरच्या इस्लामिया कॉलेजात अध्यापन केले होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले व तेथील अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. या पुढील कारकिर्दीमुळे त्यांचे कापसावरील काम विस्मृतीत गेले आहे. गुलाटी आणि अहमद यांनी इ.स. १९३५ मध्ये भारतीय कापसाच्या तंतूची परिपक्वता व सुताचे गुणधर्म यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांची रीत साधी होती. तंतू १८ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फुगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या पोकळीची रुंदी व भित्तिकेची जाडी यांचे प्रमाण पाहायचे. पोकळी भित्तिकेच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी असेल तर तंतू पक्व. दुपटीहून अधिक असेल तर अपक्व. मधला असेल तर अर्धपक्व. शेकडो तंतू असे मोजून नमुन्याची प्रतवारी करता येऊ लागली. पेशीचे आयुष्य कोठे खुंटले याचा हिशेब अशा प्रकारे तिच्या मृत्यूनंतर मांडता आला.

इंदूरची संस्था : संपूर्ण वनस्पतीचा विचार

त्याच समितीच्या निधीतून आणि मध्य भारतातील संस्थानांच्या मदतीने इंदूरची इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री उभी राहिली. होळकर संस्थानाने तिला सुमारे ३०० एकर जमीन उपलब्ध करून दिली. इंदूरची निवड योगायोगाने झाली नव्हती. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, इ.स. १८६० च्या दशकातच येथे सरकारी कापड गिरणीची उभारणी सुरू झाली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात खासगी गिरण्या वाढल्या आणि माळवा-निमाडचा कापूस इंदूरच्या बाजारात येऊ लागला. हा देशी कापूस काटक होता. पण त्याचा तंतू आखूड व जाड होता. गिरण्यांना लांब व बारीक तंतू हवा होता. तसा तंतू देणाऱ्या अमेरिकन जाती माळव्याच्या काळ्या जमिनीत व अनिश्चित पावसात भरवशाच्या नव्हत्या. शेतकरी आणि गिरणी यांच्या गरजांतील हे अंतर कमी करणे संस्थेचे काम होते.

संस्थेचे पहिले संचालक आल्बर्ट हॉवर्ड इ.स. १९३१ पर्यंत इंदूरला होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून इ.स. १९२९ मध्ये इंदूरच्या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले. कृषी संशोधन वेगवेगळ्या शास्त्रांच्या खात्यांत विभागले गेल्यामुळे प्रत्यक्ष पीक कोणाच्याच नजरेत राहत नाही, असे हॉवर्ड यांचे मत होते. वनस्पती, तिची मुळे, जमीन, पाणी, खत आणि शेतकऱ्याची साधने यांचा एकत्र विचार करावा, असा त्यांचा आग्रह होता. काळ्या जमिनीत पावसाळ्यात साचणारे पाणी आणि मुळांना मिळणारी हवा यांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. शेतातील काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ याच विचारातून पुढे आली. इ.स. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी या पद्धतीवर संयुक्त ग्रंथ लिहिला. वाड हे संस्थेतील रसायन विभागाचे काम पाहणारे मराठी संशोधक. इ.स. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनी संस्थेला भेट देऊन ही खतपद्धती पाहिली.

हॉवर्ड पेशी-सिद्धान्ताविषयी लिहीत नव्हते. तरीही डी बारी यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाची व्यावहारिक बाजू त्यांच्या कामात दिसते. तंतूच्या पेशीला भित्तिकेसाठी लागणारी साखर पानांकडून येते, पाणी मुळांकडून येते आणि मुळांचे आरोग्य जमिनीवर अवलंबून असते. हा पुरवठा तुटला तर पेशी स्वतःच्या बळावर पक्व होऊ शकत नाही.

इंदूरची संस्था : पेशीच्या आतील विचार

हॉवर्ड गेल्यानंतर संशोधनाची दिशा बदलली. इ.स. १९३३ ते १९३७ या काळात जोसेफ हचिन्सन हे संस्थेत आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून होते. त्यापूर्वी ते त्रिनिदाद येथील कापूस संशोधन केंद्रात काम करीत होते. आता लक्ष जमिनीकडून पेशीच्या केंद्रकाकडे, म्हणजे गुणसूत्रांकडे व जनुकांकडे वळले.

या टप्प्यावर देशी व अमेरिकन कापसाचा संकर का जमत नाही, या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. देशी कापसाच्या शरीरपेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसात ५२. दोहोंच्या संकरातून ३९ गुणसूत्रांचे झाड तयार होते. त्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून ते बहुधा वांझ असते. शेतकऱ्याच्या काटक कापसाला गिरणीचा लांब तंतू देण्याची सोपी वाट निसर्गानेच बंद केली होती. इ.स. १९३४ मध्ये त्रिनिदादच्या केंद्रातील स्कोव्हस्टेड या संशोधकाने गुणसूत्रांच्या आकारावरून असा निष्कर्ष काढला की, ५२ गुणसूत्रांचा कापूस हा मुळात २६ मोठी गुणसूत्रे असलेल्या जुन्या जगातील आणि २६ लहान गुणसूत्रे असलेल्या अमेरिकेतील रानटी कापसाच्या संकरातून उत्पन्न झाला असावा. म्हणजे अमेरिकन कापसाच्या प्रत्येक पेशीत देशी कापसाच्या आप्ताचा वारसा निम्म्याने आहे. इ.स. १९४० मध्ये कॉल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करून असा संकर प्रयोगशाळेत घडविण्यात आला. इ.स. २०१४-१५ मध्ये दोन्ही कापसांच्या जनुकसंचांचे वाचन झाले, तेव्हा या निष्कर्षाला पुष्टी मिळाली.

हचिन्सन यांनी इंदूरच्या वास्तव्यात आर. एल. एम. घोष यांच्यासह आशिया व आफ्रिकेतील कापसांचे वर्गीकरण केले, ते इ.स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. व्ही. जी. पानसे यांच्यासह त्यांनी पीकपैदाशीच्या तंत्रावर निबंध लिहिले. एका शेतातील दोन झाडांत दिसणारा फरक जनुकांमुळे आहे की जमिनीमुळे, हे ओळखण्यासाठी प्रयोगाची मांडणी कशी असावी, हा त्यांचा विषय होता. पानसे यांनी पुढे पां. वा. सुखात्मे यांच्यासह कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. इ.स. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक भारतातील कृषी महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी वापरले. पेशीच्या आतील जनुक आणि पेशीच्या बाहेरील जमीन, या दोहोंचा वाटा वेगळा मोजण्याची रीत इंदूरच्या शेतात अशी तावून सुलाखून निघाली. हॉवर्ड यांची दृष्टी आणि हचिन्सन यांची दृष्टी परस्परविरोधी वाटतात. परंतु पानसे यांच्या संख्याशास्त्रात दोहोंना जागा आहे.

नंतरचा काळ

स्वातंत्र्यानंतर या परिसरात इ.स. १९५९ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले. माळव्याच्या शेतीचे चित्रही बदलले. इ.स. १९७० नंतर सोयाबीनचा प्रसार झाला आणि इ.स. १९८७ मध्ये इंदूरला राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र स्थापन झाले. कापूस मुख्यतः निमाडकडे राहिला. इ.स. २००२ मध्ये मध्य प्रदेशासह काही राज्यांत बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटी संकरित वाण ५२ गुणसूत्रांच्या अमेरिकन कापसाचे असल्यामुळे देशी कापसाचे क्षेत्र अत्यल्प उरले. तंतूची लांबी वाढली; मात्र बियाणे दरवर्षी विकत घेणे शेतकऱ्याला भाग पडले. पाण्याचा ताण आणि काही रोग सोसणाऱ्या देशी वाणांचे महत्त्व संशोधकांना पुन्हा जाणवू लागले आहे.

गिरण्याही टिकल्या नाहीत. इंदूरची हुकुमचंद मिल इ.स. १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या रकमेचा, म्हणजे सुमारे २२४ कोटी रुपयांचा प्रश्न मार्गी लागण्यास इ.स. २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर अनेक कामगार हयात नव्हते. ज्या धाग्यावर शहर उभे राहिले तो धागा आता इंदूरच्या तरुण विद्यार्थ्यांना अपरिचित आहे. त्यामुळे पेशीचा धडा शिकविताना कापसाचा उल्लेख केला तर शहराच्या श्रमाचा इतिहासही वर्गात येतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

कांद्याच्या सालीचा काप हा पेशी दाखविण्याचा रूढ प्रयोग आहे. त्याच्या जोडीला कापसाचा प्रयोग अल्प खर्चात करता येतो. निमाडातून आणलेले एक उमललेले बोंड घ्यावे. एका सरकीवरील तंतू कंगव्याने विंचरून दोन्ही बाजूंना पसरावेत आणि त्यांची लांबी पट्टीने मोजावी. विद्यार्थ्याने मोजलेली ती एका पेशीची लांबी असते. नंतर काही तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. पीळ पडलेली फीत स्पष्ट दिसते. चांगल्या बोंडातील व कवडी बोंडातील तंतूंची तुलना करावी. कॉस्टिक सोड्याचे द्रावण त्वचेस व डोळ्यांस अपायकारक असल्याने तो भाग अध्यापकांनी स्वतः, हातमोजे व चष्मा वापरून करून दाखवावा. पक्व तंतू फुगून कांडीसारखे गोल होतात आणि अपक्व तंतू चपटेच राहतात.

या प्रयोगातून तीन प्रश्न वर्गापुढे ठेवता येतात. हा तंतू सजीव आहे काय? नसल्यास त्याला पेशी म्हणणे योग्य आहे काय? आणि तो अपक्व राहिला, तर दोष पेशीचा, झाडाचा की जमिनीचा? पहिल्या दोन प्रश्नांमुळे विद्यार्थी हूकच्या बुचापाशी येतो आणि तिसऱ्यामुळे इंदूरच्या शेतापाशी. तिन्ही प्रश्नांची चर्चा झाल्यावर पेशी-सिद्धान्ताचे विधान नुसते पाठ करण्याची गरज राहत नाही.

समारोप

पेशी हे जीवनाचे मूलभूत एकक आहे, हा सिद्धान्त कापसाच्या उदाहरणाने दृढ होतो. वस्त्राचा प्रत्येक धागा सुट्या पेशींचा बनतो, आणि सुताचे बळ त्यातील पेशींच्या लांबीवर व भित्तिकेच्या जाडीवर ठरते. त्याच उदाहरणाने सिद्धान्ताची मर्यादाही कळते. तंतूची पेशी स्वतःचे अन्न तयार करीत नाही. झाड, जमीन आणि पाऊस यांच्याशी असलेल्या नात्यातूनच ती पूर्णत्वास जाते. इंदूरमध्ये एका पिढीने हे नाते जमिनीच्या बाजूने अभ्यासले आणि पुढील पिढीने गुणसूत्रांच्या बाजूने. माटुंग्याच्या प्रयोगशाळेने त्याचा परिणाम पेशीच्या भित्तिकेत मोजला. या कामात इंग्रज, मराठी, पंजाबी अशा निरनिराळ्या समाजांतील व धर्मांतील संशोधकांचा वाटा होता. त्यांची नावे जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत नाहीत. ती वर्गात घेणे हे अध्यापकांच्या हाती आहे.